क्रिप्टो ट्रेडिंगला कॉम्प्युटर की मोबाईल ॲप, दोन्ही वापरून सांगतेय

आधी निकाल सांगते मग कारणं. ऑर्डर टाकायची ती कॉम्प्युटरवरून, टॅक्सचा हिशोब तर कॉम्प्युटरशिवाय करायलाच जाऊ नका, दिवसभर भावावर नजर ठेवायला फोन, आणि कॉइन बाहेर पाठवायचे असतील तर घरातले सगळे वापरतात त्या कॉम्प्युटरपेक्षा स्वतःचा फोन बरा. हे शेवटचं ऐकून बऱ्याच जणांना उलटं वाटतं, त्याचं कारण पुढे येतंय.

मी डोंबिवलीला राहते, फोर्टात एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. क्रिप्टोत माझे पैसे थोडेच आहेत, घरखर्च आणि एसआयपी जाऊन जे उरतं त्यातलेच, आणि तेही जास्त करून बिटकॉइन नि इथेरियममध्ये. पण रिटर्नच्या सीझनला क्रिप्टोवाल्या पोरांचे हिशोब माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे कोण कुठून कसं ट्रेड करतं आणि वर्षाअखेर त्याचं काय होतं हे स्वतःच्या खात्यापेक्षा जास्त दुसऱ्यांच्या खात्यात बघितलंय.

आमच्या मजल्यावर शेअर ब्रोकरचं ऑफिस आहे, तिथे जुने लोक अजून ओडिन या शेअर ट्रेडिंगच्या सॉफ्टवेअरवर बसतात, एफ वन दाबलं की खरेदीची खिडकी, एफ टू दाबलं की विक्रीची, समोर पाच-पाच बोल्या दिसतायत, नजर स्क्रीनवर आणि हात कीबोर्डवर. क्रिप्टोत आलेल्या नवीन पोरांनी हे कधी बघितलेलंच नाही, त्यांनी थेट ॲपमधूनच सुरुवात केलीय, आणि ॲप उघडलं की पहिल्यांदा काय दिसतं तर कॉइनचं नाव, एक भाव, आणि खाली मोठं हिरवं बटण. बाय. झालं.

माझा सगळा आक्षेप या एका भावावर आहे. बाजारात भाव कधीच एक नसतो, दोन असतात, घेणारा किती द्यायला तयार आहे आणि विकणारा किती मागतोय. समजा एखाद्या छोट्या कॉइनला घेणारा ९८ रुपये देतोय आणि विकणारा १०१ मागतोय. ॲपच्या इन्स्टंट बायमध्ये तुम्हाला १०१.५० ला मिळेल आणि लगेच विकायला गेलात तर ९७.५० मिळतील, म्हणजे भाव हललेला नसतानाच शंभरामागे चार रुपये गेले, आणि स्क्रीनवर तर लिहिलेलं असतं फी शून्य. कायद्याने यात काही चूक नाही, अटींमध्ये स्प्रेडबद्दल, म्हणजे या दोन भावांमधल्या अंतराबद्दल, एक ओळ असतेच, पण ती वाचणार कोण. तोच कॉइन कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडला की मधे चार्ट, एका बाजूला अख्खं ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या सगळ्या बोल्यांची यादी, खाली झालेले सौदे, सगळं एका नजरेत दिसतं. इथे रुपयात होणाऱ्या सौद्यांमध्ये बिटकॉइन, इथेरियम सोडलं तर खालच्या कॉइनचं ऑर्डर बुक फार पातळ असतं, पन्नास हजाराची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने घेणारी, टाकली तर वरच्या तीन-चार पायऱ्या खाऊन जाते, आणि हे ऑर्डर बुक समोर असेल तरच कळतं.

नणंदेचा मुलगा कळव्याला राहतो, तो म्हणाला, मामी, ॲपमध्ये पण ऑर्डर बुक असतं, प्रो मोड चालू करायचा. बरोबर आहे, असतं. पण वेगळ्या टॅबमध्ये. चार्ट बघायचा तर बुक जातं, बुक बघायचं तर ऑर्डरचा फॉर्म जातो, आणि कीबोर्ड वर आला की अर्धी स्क्रीन गेलीच. त्याला मी आमच्याकडे बसवून त्याचाच कॉइन कॉम्प्युटरवर दाखवला, बराच वेळ नुसता बघत बसला आणि मग म्हणाला हे एवढं अंतर आहे मधे? हो, एवढं आहे. तेव्हापासून तो लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची, टाकतो, आणि त्याच्या खात्यातला फरक मला तरी दिसतो.

ऑर्डरच्या प्रकारांचं पण तेच. लिमिट, स्टॉप-लिमिट, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप जाणारी लिमिट ऑर्डर, आणि ओसीओ, म्हणजे वर नफ्याची आणि खाली तोट्याची अशा दोन ऑर्डरी एकत्र, एक लागली की दुसरी आपोआप रद्द. कॉम्प्युटरवर हे फॉर्ममध्ये समोर असतं, भरताना आकडे ताडून बघता येतात. फोनवर ते ड्रॉपडाउनमध्ये दडलेलं असतं, त्यात रक्कम टाकायला ती सरकपट्टी, २५, ५०, ७५, १०० टक्के. संध्याकाळच्या सहा-साडेसहाच्या फास्ट लोकलमध्ये एका हातात कडी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती सरकपट्टी ओढणारी माणसं मी रोज बघते, आणि मला खरंच काळजी वाटते, कारण २५ च्या जागी १०० व्हायला एक धक्का पुरतो आणि त्या गाडीत धक्क्यांना तोटा नाही.

नेटचा प्रश्न तर वेगळाच. गर्दीच्या वेळी दादर-कुर्ल्याच्या मधे नेट अडकतं हे सगळ्यांना माहितीये. अशा वेळी ऑर्डर दाबली आणि ते चक्र फिरत बसलं तर ती गेली की नाही गेली कळत नाही, माणूस परत दाबतो, आणि नेट आल्यावर बघतो तर दोन ऑर्डरी. यावर उपाय साधा आहे आणि तो फोनवाल्यांनी पाठच करून ठेवावा, चक्र फिरत राहिलं तर परत दाबायचं नाही, ओपन ऑर्डर्समध्ये जाऊन रिफ्रेश करायचं आणि मगच ठरवायचं.

आता फोनची बाजू. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो, तुम्ही घरी जाऊन जेवू शकता. क्रिप्टोला सुट्टी नाही, रात्र नाही, रविवार नाही. ऑक्टोबर २०२५ मधली ती घसरण आठवत असेल, अमेरिकेने चीनवर नवीन टॅरिफ जाहीर केला आणि आपल्याकडे ११ तारखेची शनिवारची पहाट उजाडायच्या आत बिटकॉइन १ लाख २० हजार डॉलरच्या आसपासून १ लाख ५ हजारच्या आसपास आलं, जगभरात १९ अब्ज डॉलरच्या आसपास उधारीच्या पोझिशन जबरदस्तीने बंद झाल्या. आपले लोक तेव्हा झोपलेले. कॉम्प्युटर असून काय उपयोग, बंद होता ना. पण खरं सांगायचं तर फोनसुद्धा उशाला असून फारसा उपयोग नव्हता, जाग येऊन लॉगिन करून ओटीपी टाकेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. त्या रात्री वाचले ते ज्यांनी उधारी घेतलेली नव्हती ते, आणि ज्यांनी स्टॉप, म्हणजे भाव अमुक खाली आला की आपोआप विकायची ऑर्डर, आधीच लावून ठेवला होता ते.

हे नीट समजून घ्या कारण कॉम्प्युटर की फोन या भांडणातला अर्धा मुद्दा इथेच संपतो. एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे खातं उघडून आपण क्रिप्टो घेतो-विकतो त्या कंपनीकडे, लावलेला स्टॉप त्यांच्याच सर्व्हरवर राहतो. तुमचा फोन बंद असो, गाडी अडकलेली असो, घरची लाईट गेलेली असो, भाव तिथे आला की तो लागतो. म्हणून खरेदी करतानाच स्टॉप लावायचा, आणि लावायला सोपं कुठे आहे तर कॉम्प्युटरवर. एक लक्षात ठेवा, स्टॉप-लिमिटमध्ये भाव धाडकन खाली गेला तर तो तुमची लिमिट ओलांडून जातो आणि ऑर्डर न लागता तशीच लटकते, त्यामुळे स्टॉप आणि लिमिटच्या मधे बऱ्यापैकी जागा सोडा.

उलट जी बॉटवाली, म्हणजे आपोआप ट्रेड करणारी, डेस्कटॉप सॉफ्टवेअर असतात, एपीआय की, म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली आपल्या खात्याची किल्ली, टाकून चालवायची, त्यातली काही स्टॉपचा हिशोब तुमच्याच मशीनवर करतात, मशीन बंद तर स्टॉप पण बंद. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, ठाणं, नवी मुंबई सगळं, लोकल जागच्या जागी उभ्या. अशा दिवशी बॉटवाल्याने काय करायचं? शिवाय एपीआय की बनवताना पैसे काढायची परवानगी देऊच नका, वाचन आणि ट्रेडिंग एवढंच पुरे. आणि ठरावीक आयपीवरूनच चालेल असं लावलंत तर घरच्या ब्रॉडबँडचा आयपी मधूनच बदलतो आणि बॉट बंद पडतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. माझ्यासारख्या लहान माणसाला बॉटची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटर म्हणजे मोठा खर्च असं समजू नका. घरात असलेला साधा लॅपटॉप चालतो, त्याला लॅमिंग्टन रोडवरून एक जुना २४ इंची मॉनिटर आणि छोटा यूपीएस आणला की झालं, फक्त यूपीएसला राउटर पण जोडा, नुसता कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद याला काही अर्थ नाही. मॉनिटर दुकानातच लावून, पांढरी स्क्रीन करून डाग बघून घ्या, आणि बिल मागा. जागेचं म्हणाल तर आमचं घर वन बीएचके आहे, मॉनिटर शिलाई मशीनच्या टेबलावर बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये मी मुख्य काय वापरते तर चार्टसाठी ट्रेडिंगव्ह्यूचं डेस्कटॉप ॲप आणि ऑर्डरसाठी एक्स्चेंजची वेबसाईट ब्राउझरमध्ये. ट्रेडिंगव्ह्यूचं फुकटातलं खातं मला पुरतं, इंडिकेटर आणि अलर्ट मोजकेच मिळतात, मधेमधे जाहिराती येतात, पण रेघा मारायला, दोन मॉनिटरवर खिडक्या ओढून ठेवायला छान आहे, आणि फोनच्या ॲपमध्ये त्याच रेघा तशाच दिसतात. फोनवर रेघ मारून बघा एकदा, बोटाखाली कँडलच दिसत नाही. बायनान्सचं स्वतःचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीला चालतं आणि खिडक्या हव्या तशा लावता येतात, ते चांगलं बनवलंय. आपल्याकडच्या एक्स्चेंजमध्ये मात्र डेस्कटॉप म्हणजे बहुतेक ब्राउझरच, आणि त्यात वाईट काही नाही.

चार्टवर एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. तुम्ही चार्ट बघता यूएसडीटीतला, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनमधला, आणि खरेदी करता रुपयात. यूएसडीटीचा इथला रुपयातला भाव बँकेच्या डॉलरच्या भावापेक्षा बहुतेकदा वर असतो, त्यामुळे चार्टवरच्या भावाला डॉलरच्या दराने गुणून जो आकडा येतो त्यापेक्षा इथे महाग पडतं. कॉम्प्युटरवर दोन्ही भाव शेजारीशेजारी ठेवता येतात, हा फरक अचानक वाढला की मी खरेदी थांबवते. फोनवर हे कोणी करत असेल असं मला वाटत नाही.

आता सुरक्षितता, आणि इथे मी फोनच्या बाजूने बोलणार आहे. लोक म्हणतात कॉम्प्युटर सुरक्षित. कुठला कॉम्प्युटर? ज्याच्यावर पोरगा क्रॅक केलेले गेम टाकतो, ज्याच्यात ऑफिसचं फुकटातलं सॉफ्टवेअर कुठल्यातरी पेन ड्राइव्हवरून आलंय? विंडोजमध्ये असे व्हायरस असतात की तुम्ही वॉलेटचा पत्ता, म्हणजे कॉइन जिथे पाठवायचे ती लांबलचक अक्षरं, कॉपी केला की पेस्ट होताना चोराचा पत्ता येतो, आणि क्रिप्टोत गेलेला पैसा परत मागवता येत नाही. फोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं, एकाला दुसऱ्याच्या घरात सहज शिरता येत नाही, म्हणून अधिकृत स्टोअरमधलंच ॲप असेल आणि फोन अपडेटेड असेल तर तो घरच्या सामायिक कॉम्प्युटरपेक्षा जास्त भरवशाचा. डेस्कटॉप वॉलेटवाल्यांनी इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटचं उदाहरण लक्षात ठेवावं, डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी आपले सर्व्हर लावून वॉलेटमध्येच अपडेट करा असा संदेश दाखवला, लोकांनी त्या लिंकवरून खोटं सॉफ्टवेअर उतरवलं आणि २०० पेक्षा जास्त बिटकॉइन गेले. अपडेट नेहमी स्वतः पत्ता टाइप करून मूळ साईटवरूनच.

पत्ता ताडताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, कारण तेवढी जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून तुमच्या हिस्टरीत पेरले जातात, मधलीही अक्षरं बघा आणि आधी थोडी रक्कम पाठवून बघा. एक्स्चेंजमध्ये पत्त्यांची व्हाइटलिस्ट, म्हणजे ठरवलेल्या पत्त्यांवरच कॉइन जातील अशी यादी, असेल तर लावाच.

आणि फोन म्हटलं की मुंबईत फोन चोरीला जातो हे धरूनच चाला. एसएमएसच्या ओटीपीवर सगळं ठेवलं असेल तर फोन गेला, सिम गेलं, की आपण खात्याबाहेर. म्हणून ऑथेंटिकेटर ॲप, दर ३० सेकंदांनी बदलणारे ते सहा आकडे, आणि ते जोडताना जी बॅकअप की दिसते ती कागदावर लिहून कपाटात. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट गॅलरीत जातो आणि गॅलरी क्लाउडवर. फोन गेलाच तर घरी येऊन कॉम्प्युटरवरून लॉगिन करायचं, सगळी जुनी सेशन बंद करायची, सिम ब्लॉक करायचं, पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय ब्लॉक करायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. म्हणजे बघा, फोन गेल्यावर खात्याचं दार आतून लावून घ्यायला कॉम्प्युटरच लागतो.

एक जुनी गोष्ट पण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २८ डिसेंबर २०२३ ला सरकारच्या एफआययूने, म्हणजे संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या खात्याने, परदेशातल्या नऊ एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची ॲप ॲपल आणि गूगलच्या स्टोअरमधून गेली. बायनान्स, कूकॉइन वगैरे पुढे नोंदणी करून परत आले. पण मधल्या काळात ग्रुपवर टेलिग्रामवर एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपच्या फाइली, फिरायला लागल्या, हे घ्या हे चालतं म्हणून. अशी एपीके कधीच टाकू नका, कितीही ओळखीच्या माणसाने पाठवली तरी. आणि एक्स्चेंजच बुडालं तर कॉम्प्युटर काय नि फोन काय, १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपासचं क्रिप्टो चोरीला गेलं ते कुणाच्या फोनमधून नाही, एक्स्चेंजच्या वॉलेटमधून गेलं, आणि लोकांचे कॉइन काढणं वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. ट्रेडिंगला लागतील तेवढेच कॉइन एक्स्चेंजवर, बाकी आपल्या वॉलेटमध्ये.

टॅक्सवर मी तासभर बोलू शकते पण मुद्द्यापुरतं सांगते. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. एका कॉइनमध्ये २०,००० नफा आणि दुसऱ्यात २०,००० तोटा झाला तर तुमच्या हातात काहीच नाही, पण सरकारच्या हिशोबात २०,००० नफा आहे आणि टॅक्स ६,२४०. तोटा वजा होत नाही, फीसुद्धा वजा होत नाही, फक्त खरेदीची किंमत वजा होते. शिवाय १ जुलै २०२२ पासून दर विक्रीला १ टक्का टीडीएस. ५०,००० रुपये दहा वेळा फिरवलेत, भाव तसाच राहिला तरी, जवळपास ४,८०० रुपये टीडीएसमध्ये अडकले, ते रिटर्न भरल्यावर हिशोबात येतात पण तोपर्यंत भांडवल तेवढं कमी. फोनमुळे काय होतं तर माणूस जास्त ट्रेड करतो. गाडीत कंटाळा आला, केला एक ट्रेड. लंच टाइमला एक. माझ्याकडे येणारे जे सगळ्यात लांबलचक हिशोब असतात ते बहुतेक फोनवाल्यांचे, शेकडो ओळी, आणि त्यात पैसे कमावलेला क्वचित. कॉम्प्युटरवर बसायला घरी पोचावं लागतं, हातपाय धुवून चहा होतो, तोपर्यंत दुपारची घाई निवलेली असते.

आणि रिटर्नमध्ये प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत, मिळालेली रक्कम असं भरायचं असतं. एका ॲपवर रिपोर्ट मागितला तर पीडीएफ येते, आणि तीही फक्त थोड्या महिन्यांची, त्यातून एक्सेल करता करता जीव जातो. त्याच एक्स्चेंजच्या वेबसाईटवर सीएसव्ही, म्हणजे थेट एक्सेलमध्ये उघडणारी फाइल, मिळते, पूर्ण वर्षाची. दर महिन्याला ती उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा, मार्चनंतर २६एएसमधल्या, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या टॅक्सच्या नोंदीतल्या, टीडीएसशी जुळवा, एक्स्चेंज बंद पडलं तरी तुमचा हिशोब तुमच्याकडे राहील.

फोनवरच्या अलर्टबद्दल एवढंच, अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर काही फोनवर अलर्ट तास-तासभर उशिरा येतो आणि मग लोक ॲपला शिव्या देतात.

ॲप बनवणाऱ्यांकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. खरेदीच्या पहिल्याच स्क्रीनवर घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा, दोन्ही भाव दाखवा, आणि टॅक्सचा पूर्ण वर्षाचा सीएसव्ही ॲपमधून द्या. हे दोन्ही कॉम्प्युटरवर आधीच देताय, फोनवर द्यायला काही अवघड नाही. ज्या ॲपमध्ये हे पहिल्यांदा येईल ते वापरायला मी तयार आहे, आणि आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पोराला तेच सांगेन.